हिंदी नेमकी कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हिंदीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, ती बहुसंख्यांची भाषा आहे, म्हणून सर्वांनी स्वीकारावी. दुसरा म्हणतो, ती उत्तरेकडच्यांची भाषा आहे, म्हणून ती आमच्यावर लादू नये. उत्तरेतील सर्वांची मातृभाषा हिंदीच आहे, हे मात्र दोघेही गृहीत धरतात. आज मला या गृहीतकाचीच तपासणी करावयाची आहे.

२०११ च्या जनगणनेत हिंदी भाषकांची संख्या सुमारे ५२ कोटी ८३ लाख दिली आहे. त्यांपैकी आपली मातृभाषा 'हिंदी' अशी नोंदविणारे सुमारे ३२ कोटी २२ लाख आहेत. उरलेल्या वीस कोटींहून अधिक लोकांनी प्रगणकाला वेगळेच उत्तर दिले होते. पाच कोटींनी भोजपुरी सांगितली, अडीच कोटींहून अधिकांनी राजस्थानी, १ कोटी ६२ लाखांनी छत्तीसगढी, सव्वा कोटींनी मगही. अशा पन्नासहून अधिक मातृभाषा 'हिंदी' या एका शीर्षकाखाली जमा केल्या आहेत. आपल्या तांड्यांवरची बंजारा समाजाची भाषाही 'लमाणी' या नावाने तेथेच आहे.

आज प्रमाण मानली जाणारी हिंदी दिल्ली-मेरठ परिसरातील खडी बोलीवर उभी आहे. उर्दूचाही पाया तोच. परंतु काव्यातील मान शतकानुशतके ब्रज आणि अवधी यांच्याकडे होता. सूरदासांची वाणी ब्रज, तुलसीदासांचे 'रामचरितमानस' अवधी. ग्रियर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात भोजपुरी, मगही व मैथिली यांना हिंदीत न घालता 'बिहारी' या स्वतंत्र गटात ठेविले. सारांश, खडी बोली ही या बोलींची आई नव्हे. ती त्यांची एक बहीण आहे. छापखाना, शाळा आणि कचेरी तेवढी तिच्या हाती आली.

याची किंमत कोण देतो? पहिलीच्या वर्गातले मूल देते. आपण 'मी जाईन' म्हणतो, तेथे भोजपुरी मूल 'हम जाइब' म्हणते. पुस्तक त्याच्याकडून 'मैं जाऊँगा' मागते. खडी बोलीत भूतकाळी 'ने' लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे फिरते, जसे मराठीत 'त्याने भाकरी खाल्ली'. भोजपुरीत आणि अवधीत हा 'ने' नाहीच. म्हणून ते मूल 'हम रोटी खाया' असे लिहिते, तेव्हा तो त्याचा निष्काळजीपणा नसतो. आपल्या भाषेचा नियम त्याने दुसऱ्या भाषेत नेलेला असतो. त्याला मात्र 'देहाती' हे विशेषण मिळते. ही लाज पुढे जन्मभर पुरते. तुलसीदासांची भाषा आपली म्हणून नोंदविणारे २०११ मध्ये अवघे ३८ लाख निघाले, यातही या लाजेचा वाटा आहे.

कायद्याचाही एक पेच आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३५०-अ मध्ये भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, असे म्हटले आहे. परंतु भोजपुरी मूल एकदा हिंदी भाषक म्हणून मोजले गेले की ते अल्पसंख्य ठरतच नाही. मोजणीत त्याची भाषा गेली आणि तिच्याबरोबर त्याचा हक्कही गेला.

अशाने हिंदीचे तुकडे पडतील व इंग्रजीचे फावेल, असा आक्षेप घेतला जातो. २००३ च्या ब्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने मैथिली आठव्या अनुसूचीत आली. २००७ मध्ये छत्तीसगढने छत्तीसगढीला राजभाषेचे स्थान दिले. त्याने हिंदी कोसळली नाही. डॉ. लोहियांचा जन्म अवधी मुलखातील अकबरपूरचा. त्यांचा इंग्रजीला विरोध होता, तो ती परकी म्हणून नव्हे. मूठभरांच्या भाषेत कारभार चालला की बहुजन मुके होतात म्हणून. ही कसोटी हिंदीलाही लावली पाहिजे.

आणि आपल्यालाही. २०२५ साली आपल्या राज्यात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे शासननिर्णय निघाले आणि विरोधानंतर २९ जून रोजी ते मागे घेण्यात आले. तो विरोध रास्त होता. पण बांधकामावरचा भोजपुरी मजूर हा हिंदीचा दूत नव्हे. शाळेत त्याच्या जिभेवर जे लादले गेले, तेच आपल्या मुलांवर लादले जाऊ नये, असे आपण म्हणत होतो. तो आपला सोबती आहे.

तेव्हा आपली मागणी दुहेरी असावी. लोकांनी सांगितलेली भाषा त्यांच्याच नावाने मोजली जावी. आणि शाळेची पहिली वर्षे मुलाच्या बोलीत जावीत, प्रमाणभाषा त्या पायावर यावी. ही मागणी आरा-बलियासाठी करताना आपल्या तांड्यांवरच्या आणि गोंडी पाड्यांवरच्या मुलांना मराठी शाळेत काय ऐकावे लागते, तेही विचारा. तो प्रश्न टाळून उत्तरेला उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही.