जलसंजीवनी आणि पेशीचे दार

(वाचनालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



‘मानवी पेशी व तिचे कार्य’ हा विषय कार्यवाहांनी पत्राने कळविला, तेव्हा शरीरक्रियाशास्त्राच्या अध्यापनात हयात घालवूनही मी थोडा बिचकलो. माणसाच्या देहात अदमासे ३० लाख कोटी पेशी असतात. त्यांची नुसती हजेरी घ्यायची म्हटले तरी आपला हा उत्सव आणखी एक शतक चालू ठेवावा लागेल! म्हणून मी एकाच पेशीविषयी बोलणार आहे. ती आहे लहान आतड्याच्या अस्तरातील पेशी. हिचे आयुष्य अवघे तीन ते पाच दिवसांचे. मेंदूची किंवा हृदयाची पेशी सोडून हिचीच निवड का केली, त्याला एक घरगुती कारण आहे.

१९५७ च्या उन्हाळ्यात, बेळगावजवळच्या आमच्या गावी, माझी धाकटी बहीण जुलाब-उलट्यांनी दोन दिवसांत गेली. ती तीन वर्षांची होती. ती पाणी मागत होती आणि आजी देऊ देत नव्हती. “पाणी पोटात गेलं की खालून जातंय, दिसत नाही का तुम्हांला?” हे आजीचे शब्द मला अजून आठवतात. आई पदराचे टोक भिजवून तिचे ओठ ओले करी, तेही आजीची पाठ वळली म्हणजे. पुढे वैद्यकाचा विद्यार्थी झालो, तेव्हा आजीला मी मनातल्या मनात पुष्कळ दोष दिला. पण मग कळले, की तिचे निरीक्षण चुकीचे नव्हते. नुसते पाणी खरोखरच खालून जात होते. त्या काळचे पुष्कळ शिकलेसवरलेले डॉक्टरही ‘आतड्याला विश्रांती द्या’ असेच सांगत. चूक कोठे होती, हे समजण्यासाठी पेशीच्या दाराशी जावे लागते.

पेशीभोवती स्निग्ध द्रव्याचे दुपदरी पटल असते. मिलिमीटरचे एक लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागाहूनही ते पातळ असते. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही, हे स्वयंपाकघरात आपण रोज पाहतो. पाण्यात विरघळलेले मीठ किंवा साखर या तेलकट भिंतीतून आपल्या बळावर आत शिरू शकत नाही. तिच्यात प्रथिनांची दारे बसविलेली असतात, आणि प्रत्येक दार ठराविक पाहुण्यालाच आत घेते.

या भिंतीतच एक पंपही असतो. डेन्मार्कमधील येन्स स्कौ या संशोधकाने त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला तो १९५७ सालीच. त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळायला १९९७ साल उजाडले. हा पंप सोडियमचे तीन कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन कण आत ओढतो. दर खेपेस शरीराच्या ऊर्जेचे एक नाणे खर्ची पडते. तो रात्रंदिवस चालू असल्यामुळे पेशीच्या बाहेर सोडियम आतल्यापेक्षा सुमारे दहापट अधिक राहतो. धरणात पाणी चढवून ठेवावे, तशी ही साठवलेली शक्ती आहे. सोडियम सतत आत कोसळायला पाहत असतो. त्याला दार तेवढे मिळाले पाहिजे.

आतड्यातील पेशीने या ओढीचा उपयोग मोठ्या चतुराईने करून घेतला आहे. तिच्या एका दाराची रीतच अशी, की सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक कण जोडीने आले तरच ते उघडते. सोडियम उतारावरून धावतो आणि ग्लुकोजला हाताशी धरून आत नेतो. ही दोन्ही द्रव्ये आत गेली, की त्यांच्यामागून पाणी जाते. रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने ही कल्पना १९६० च्या ऑगस्टमध्ये प्राग येथील परिषदेत मांडली. पटकीच्या रोग्याचा तेथे कोणी विचारही केला नसावा.

आपल्या आतड्याचा रोजचा व्यवहार थक्क करणारा आहे. आपण पितो ते सुमारे दोन लिटर. पण लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव मिळून आणखी सात लिटर त्यात पडते. या नऊ लिटरांपैकी बाहेर जाते ते जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. बाकीचे सारे आतडे परत शोषून घेते. हिशेबाची ही वही एक दिवस बिघडली, तर काय अनर्थ होईल?

पटकीत ती बिघडते. आपल्याकडे गावोगाव मरीआईची ठाणी आहेत, पंढरीच्या वारीत पूर्वी उसळणाऱ्या साथींच्या आठवणी आहेत; त्यामागे हाच रोग. कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ साली दाखवून दिले, की पटकीचा जंतू आतड्यात एक विष सोडतो आणि सारा उत्पात ते विष करते. त्यांनी जंतू गाळून काढले आणि राहिलेला जंतुरहित द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या भागात घातला; तो भाग पाण्याने टम्म फुगला. साधनांच्या तुटवड्यात केलेला हा प्रयोग पटकीच्या संशोधनातला एक महत्त्वाचा टप्पा आहे, आणि डे यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत शोधावे लागते ही खेदाची गोष्ट होय.

हे विष पेशीत शिरून एक कळ दाबते आणि ती कळ तशीच अडकून बसते. क्लोराइडचे दार उघडे राहते, क्लोराइड आतड्यात वाहू लागते, त्याच्यामागून सोडियम आणि पाणी. मीठ आत घेण्याची नेहमीची वाटही याच कळीने बंद होते. तीव्र पटकीत रोगी तासाला एक लिटरपर्यंत पाणी गमावू शकतो. नुसते पाणी किंवा मीठपाणी पाजले तर ते टिकत नाही. आजी म्हणत होती ते हेच.

परंतु सोडियम आणि ग्लुकोज यांचे जोडीचे दार या विषाने बिघडत नाही. ते शाबूत असते. घराला आग लागावी आणि मागचा दरवाजा उघडा असावा, अशी ही स्थिती. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी कलकत्त्यात १९५३ सालीच ग्लुकोज-मिठाचे पाणी तोंडाने देऊन रोगी बरे केल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले होते, पण त्यामागचे कारण तेव्हा ठाऊक नव्हते आणि फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी पद्धतशीर चाचणी करून याच उपायाने शिरेतून द्यावयाच्या द्रवाची गरज पुष्कळ कमी होते, असे सिद्ध केले.

खरी कसोटी लागली ती १९७१ मध्ये. पूर्व बंगालमधून आलेल्या लाखो निर्वासितांच्या छावण्यांत, बनगाव येथे, पटकीने थैमान घातले. शिरेतून द्यावयाची सलाइन संपत आली. दिलीप महालनबीस या तरुण बालरोगतज्ज्ञाने निर्णय घेतला: लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, पिंपांत कालवून रोग्यांच्या नातलगांच्याच हाती द्यायचे. डॉक्टर पुरे पडत नव्हते. आया, बहिणी, भाऊ पेल्याने पाजत होते. छावणीत मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या घरात होते. त्यांच्या देखरेखीखाली ते शेकडा साडेतीनच्या आसपास आले. आज या सभागृहात मुद्दाम सांगण्यासारखी गोष्ट अशी, की ही भुकटी तोलून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरण्याचे आणि गरम इस्त्रीने पिशव्यांची तोंडे बंद करण्याचे काम त्यांच्या कलकत्त्यातील संशोधन केंद्राच्या ग्रंथालयाच्या खोलीत चालले होते. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले. पद्मविभूषण २०२३ मध्ये, मरणोत्तर मिळाले.

पुढे बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या १९८० ते १९९० या दशकात सुमारे १ कोटी २० लाख घरी गेल्या आणि त्यांनी मीठ-गुळाचे पाणी करायला शिकविले. गूळ का चालतो? साखर आणि गूळ यांतील रेणू आतड्याच्या पेशीच्या काठावरच फुटतो आणि त्यातून ग्लुकोज मोकळे होते. जास्त गोड केले म्हणजे जास्त गुण, हा मात्र भ्रम आहे. साखर प्रमाणाबाहेर झाली, तर ती उलट शरीरातले पाणी आतड्यात ओढून घेते. याच विचाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये मिश्रण अधिक सौम्य केले: ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, शिवाय पोटॅशियम क्लोराइड दीड ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. औषधाच्या दुकानात मिळणारी जलसंजीवनीची पुडी ती हीच.

पुडी हाताशी नसेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचे शिगोशीग भरू नयेत. पाजण्याआधी चव घ्यावी. आसवांपेक्षा खारट लागले, तर ते ओतून द्यावे आणि पुन्हा करावे. मुलाला उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करावे, आणि अंगावरचे दूध बंद करू नये. मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले, तर पाजत पाजतच दवाखाना गाठावा.

कार्यवाहांनी मघाशी येथे साखर, मीठ, चमचा आणि पाण्याचे भांडे आणून ठेवले आहे. ज्यांना करून पाहायचे असेल, त्यांनी सभा संपल्यावर पुढे यावे. विशेषतः घरी नातवंडे असलेल्या आजी-आजोबांनी.