कडेवरचं मूल

माझ्या शिक्षक-लेखक मंडळींनो,

अध्यक्षपदाचा मान दिलात, मनापासून आभार. आभार मानून झाले की अध्यक्षांनी मुलांच्या संस्कारांकडे वळायचं आणि ‘श्यामची आई’चं नाव घ्यायचं, असा आपल्याकडे प्रघात आहे. मी ते नाव आत्ताच घेऊन टाकते, म्हणजे पुढं मोकळेपणानं बोलता येईल. मुलांना दयामाया कशी शिकवावी, हे मला सांगायचंच नाही. ती त्यांच्यापाशी असते. आपण मोठी माणसं तिचं काय करून ठेवतो, ते सांगायचं आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

पाथर्डी तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेवर मी अकरा वर्षं होते. त्या भागात दसरा-दिवाळी सरली की ऊसतोडीपायी गावं निम्मी होतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरतात, बिऱ्हाड ट्रॉलीत चढतं, बिऱ्हाडाबरोबर पोरंही. काही मागं राहतात, आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात. बाकीची परततात ती गुढीपाडव्याच्या आगेमागे. अशीच तिसरीतली एक मुलगी फडावरून परतली, ती दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊनच वर्गात आली. आई रोजानं कामाला जायची, घरी कुणी नव्हतं. “बाई, ह्याला आणलं तर चालंल का?”

मी नियमाचा विचार करत होते, तोवर पोरांनी निकाल लावूनही टाकला. पहिल्या तासाला तो बहिणीच्या मांडीवर होता. गणिताच्या तासाला पाहते तर मागच्या रांगेतल्या एका मुलाच्या मांडीवर बसून त्याची पाटी चाटत होता. दुपारी तिसऱ्याच मुलीनं खिचडीतल्या मिरच्या वेचून बाजूला काढल्या, घास बोटांनी मऊ केला आणि फुंकर घालून त्याला भरवला. पाळ्या कुणी लावून दिल्या नव्हत्या. बहिणीला लिहायचं असलं की मूल पुढच्या मांडीवर सरकायचं, एवढंच.

मला भरून आलं. आणि भरून आलेल्या शिक्षिकेनं जे करू नये, नेमकं तेच मी केलं. भिंतीवर तक्ता लावला, ‘मदत करणाऱ्यांचे तारे’. मूल सांभाळलं की एक तारा, दहा तारे झाले की पेन. चार दिवसांत भांडणं सुरू. “बाई, ह्यानं काल दोनदा घेतलं, आज माझी पाळी!” ओढाताणीत ते लेकरू भोकाड पसरायचं. मग माझ्याकडची पेनं संपली. एका दुपारी ते पोर दाराशी रडत उभं होतं, बहीण फळ्यावर गणित सोडवत होती आणि वर्गातलं कुणी जागचं हललं नाही. एकानं तेवढं विचारलं, “बाई, आता तारा आहे का?”

तक्ता मी त्याच दुपारी उतरवला. पण गेलेलं परत यायला पुढचा जून उजाडावा लागला.

बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं की जर्मनीत लाइपझिगला फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या दोघांनी हेच प्रयोगानं दाखवलं होतं. २००६ मध्ये त्यांनी दीड वर्षाच्या मुलांसमोर कपडे वाळत घालायचा चिमटा मुद्दाम खाली पाडला आणि तो घेता येत नाही असं दाखवलं. पोरं दुडदुडत आली आणि चिमटा उचलून दिला. हातात ढीग घेतलेल्या माणसाला कपाटाचं दार उघडेना, तर दार उघडून दिलं. कुणी सांगितलं नव्हतं, काही मिळणारही नव्हतं. दोन वर्षांनी त्यांनी वीस महिन्यांच्या मुलांना मदतीबद्दल बक्षीस देऊन पाहिलं. बक्षीस थांबलं तेव्हा ही मुलं इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. नुसतं कौतुक झालेल्यांचं, किंवा काहीच न मिळालेल्यांचं तसं झालं नाही. माझा तक्ता लाइपझिगपर्यंत पोचला होता म्हणायचा.

आता कुणी म्हणेल, खेड्यातली मुलं मुळातच मायाळू, शहरात ती बिघडतात. टाळ्या मिळतात या वाक्याला. पण बिअॅट्रिस आणि जॉन व्हायटिंग या दांपत्यानं सहा देशांतल्या मुलांचा अभ्यास करून १९७५ साली पुस्तक काढलं, त्यात गोष्ट वेगळी निघाली. केनियातल्या न्यानसोंगो गावची मुलं धाकट्यांना सांभाळत, गुरं राखत; घर त्यांच्यावर अवलंबून होतं. ती मुलं दुसऱ्याची अडचण ओळखून पुढं होण्यात अमेरिकेतल्या एका गावच्या मुलांच्या पुष्कळ पुढं होती. पण आपल्या उत्तर प्रदेशातलं खालापूर, तेही खेडंच की, त्या अमेरिकन गावाच्या बाजूला जाऊन बसलं. तेव्हा गाव की शहर, यावर सगळं ठरत नाही. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे मुलाला रोज कळतं का, यावर बरंच ठरतं.

याचा अर्थ नऊ वर्षांच्या मुलीनं भावाला कडेवर घेऊन शाळेत यावं, असा कुणी काढू नये. त्या भावाला अंगणवाडी हवी होती आणि तिला दोन्ही हात मोकळे हवे होते. तिच्या वाट्याला आलं ते ओझं होतं. वर्गातल्या पोरांनी ते वाटून घेतलं, म्हणून मी त्याची गोष्ट सांगू शकते.

आणि हे मी कुठल्या जिल्ह्यात बोलते आहे? सहकार हा शब्द जिथं शेताच्या बांधावर रुजला, त्या नगर जिल्ह्यात. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरेकाठी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५०-५१ च्या हंगामात त्यानं गाळप सुरू केलं आणि लहान-मोठ्या शेतकऱ्यांना एकत्र येऊन काय होतं ते दिसलं. त्याच जिल्ह्यातल्या वर्गात आपण पहिलीच्या पोराला पहिला धडा कोणता देतो? “वही झाकून लिही, शेजारच्याला दाखवू नकोस.” पुढं स्कॉलरशिप, नवोदय, सराव परीक्षा, आणि गावाच्या कमानीवर एकट्या पहिल्या आलेल्याचा फ्लेक्स. बापांनी कारखाने एकत्र काढले, पोरांना मात्र पाटी झाकायला शिकवली. (ज्यांनी ऊस तोडला ते या सहकारात कुठं बसतात, हा प्रश्न मी आज फक्त टेबलावर ठेवते.)

वेगळं करणारेही इथलेच. राळेगणसिद्धीच्या संत निळोबाराय विद्यालयानं दुसरीकडे नापास झालेल्या, कुणालाच नको असलेल्या मुलांना आवर्जून जागा दिली. नगरच्या स्नेहालयानं १९८९ पासून लालबत्ती भागातल्या आयांची मुलं आपली मानली. इथं मोठ्यांनी आधी करून दाखवलं, सुविचार फळ्यावर नंतर लिहिला असेल.

मंडळी, तुमच्यातले पुष्कळजण मुलांसाठी लिहितात, म्हणून एक तक्रार. आपण गोष्ट सांगतो आणि शेवटी ‘तात्पर्य’ लिहून तिचा गळा आवळतो. तात्पर्य पाठ होतं, पाच गुणांना येतं आणि पेपर झाला की जातं. त्याऐवजी मुलांना लिहू द्या ना! एका मुलीचंच उदाहरण घ्या. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली याच नगर शहरात सुरू झालं. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिका होण्याचे धडे इथंच मिस फरार यांच्याकडे घेतले. पुढं फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ साली त्याच ‘ज्ञानोदया’त छापून आला. डोक्यावर छप्परही नसताना बाळंत होणाऱ्या बायांचे हाल त्या शाळकरी पोरीनं त्यात मांडले आहेत. दुसऱ्याचं दुःख ओळखा, असं तिला कुणी तात्पर्यात सांगितलं नव्हतं. लिहिण्याची मुभा मिळाली आणि तिनं जे पाहिलं होतं ते लिहिलं.

माझ्या त्या मुलीकडे परत येते. पुढच्या वर्षी, चौथीत, दिवाळीनंतर ती पुन्हा फडावर गेली. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलानं माझ्याकडे एक जादा वही मागितली. कशाला, हे मी विचारलं नाही. तक्त्यानं एवढी अक्कल दिली होती. पाडव्यानंतर ती परतली, तेव्हा त्यानं ती वही तिच्यापुढं सरकवली. त्यात लिहिलं होतं: ‘आज खिचडीत वटाणे होते. मोठा भागाकार सुरू झाला, अवघड नाही, मी दाखवीन. बाईंचा घसा बसला. तुझ्या जागेवर कुणी बसत नाही, मी दप्तर ठेवतो.’ अशी बेचाळीस पानं. मराठीच्या पेपरात त्याला काठावरचे गुण होते, हे मी लाज वाटून सांगते, कारण ते मीच दिले होते.

गाळपाचा हंगाम आता तोंडावर आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाड्या-वस्त्यांवर उचल वाटून झाली असेल. तुमच्या वर्गातून जी मुलं जाणार आहेत, त्यांची नावं तुम्हाला ठाऊक आहेत. ट्रॉल्या भरायच्या आत त्या प्रत्येकाच्या शेजारी बसणाऱ्याला एक कोरी वही द्या. पानं तपासू नका, आणि वहीवर तारा चिकटवू नका.