काळोखातला शेजारधर्म



गोबरगॅसची टाकी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. एका बाजूने शेणकाला सोडायचा, दुसऱ्या बाजूने स्लरी बाहेर येते आणि वरच्या नळीतल्या गॅसवर भाकरी भाजली जाते. पण हा गॅस करते कोण? उन्हात ठेवलेल्या शेणाची नुसती गोवरी होते. टाकीतला गॅस करतात ते डोळ्यांना न दिसणारे जीव, तेही हवा नसलेल्या काळोखात. आपला प्राणवायू त्यांतल्या अनेकांना विषासारखा.

तिथे कामाची वाटणी असते. पहिली टोळी गवताकोंड्याचे चिवट धागे तोडते. दुसरी त्यातून निघालेल्या साखरेची आम्ले करते. तिसरी त्या आम्लांपासून ॲसेटिक आम्ल आणि हायड्रोजन काढते. शेवटची मंडळी त्याचा मिथेन करते. ही शेवटची मंडळी तर जिवाणूही नव्हेत. १९७७ साली अमेरिकेत कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवून दिले की यांचे कूळच वेगळे आहे. त्या कुळाला आज आर्किया म्हणतात.

या जीवांना प्रयोगशाळेत एकेकटे वाढवणे फार अवघड. का, ते एका गोष्टीवरून कळेल. ओमेलियान्स्की या रशियन शास्त्रज्ञाच्या नावाचा एक जीव अनेक वर्षे पुस्तकांत होता. तो अल्कोहोलपासून मिथेन करतो, असे मानले जाई. १९६७ साली ब्रायंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की तो एक जीव नव्हेच, ते दोघे आहेत! एक अल्कोहोल खाऊन हायड्रोजन सोडतो. हायड्रोजन साचला की त्याचे काम अडते. दुसरा तो हायड्रोजन उचलून मिथेन करतो. एकाचा कचरा हेच दुसऱ्याचे अन्न. शेजारी उठून गेला, तर हाही उपाशी.

मग अशांना ओळखायचे कसे? त्यांची जनुकलिपी वाचून. ही लिपी चारच अक्षरांची. अक्षरांशी खेळण्यात माझे आयुष्य गेले, पण चार अक्षरांत एवढा संसार मांडलेला पाहून मी थक्क होतो. मिथेन करणाऱ्या एका आर्कियाची संपूर्ण लिपी १९९६ साली वाचली गेली, तेव्हा निम्म्याहून अधिक जनुकांचे काम काय, ते कळेना. २००७ साली सिंट्रोफस नावाच्या, शेजाऱ्यावाचून आम्ले पचवता न येणाऱ्या जिवाणूची लिपी प्रसिद्ध झाली. ती सुमारे ३२ लाख अक्षरांची.

पुढे २००८ साली जर्मनीतल्या बीलेफेल्ड इथल्या संशोधकांनी निराळी वाट धरली. मका आणि इतर हिरवा चारा खाणाऱ्या एका बायोगॅस संयंत्रातली स्लरी घेतली आणि तिच्यातल्या सगळ्याच जीवांचा डीएनए एकदम वाचला. शेकडो पोथ्या फाडून पाने एकत्र मिसळावीत आणि मग कोणते पान कोणत्या पोथीचे ते जुळवत बसावे, तसे हे काम. ते संगणक करतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनेक संयंत्रांतली माहिती एकत्र करून जवळपास १६०० प्रकारच्या जीवांच्या लिपी अशा जुळवल्या गेल्या. त्यांतले बरेच जण कुणी कधी वाढवलेलेच नव्हते.

याचा आपल्याला काय उपयोग? टाकीत अन्न जास्त पडले की आम्ल करणारे भराभर वाढतात आणि मिथेन करणारे सावकाश. आम्ल साचते, टाकी आंबते, गॅस बंद होतो. घरचा माणूस म्हणतो, योजनाच खोटी. आणि चांगली बांधलेली टाकी पडीक होते. खरे तर तिथे विटा-सिमेंट बिघडलेले नसते, शेजार मोडलेला असतो. कोण कमी झाले हे आधी ओळखता आले, तर टाकी वेळीच सावरता येईल. त्यासाठी ही लिपी वाचायची.

जाणती माणसे नवी टाकी सुरू करताना चालू टाकीतली स्लरी विरजणासारखी घालतात. त्यांना यांपैकी एकाचेही नाव ठाऊक नसते. पण एकट्याने इथे काही होत नाही, संबंध वस्तीच न्यावी लागते, हे त्यांच्या हातांना कळलेले असते. शास्त्र आता त्या वस्तीतल्या एकेकाचे नाव विचारते आहे. ज्याला आपण घाण म्हणून नाक मुरडतो, तिथे नांदणाऱ्यांचे नाव विचारावे, हीसुद्धा मला मोठी गोष्ट वाटते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)