धमन्यांची तालीम

"व्यायाम करा" असे सांगणारे आपल्याला जन्मभर भेटतात. लहानपणी आजोबा सांगतात, शाळेत ड्रिलमास्तर सांगतात आणि चाळिशी उलटली की डॉक्टर सांगू लागतात. पण कोणता व्यायाम, असे विचारले की गाडी अडते. चालणे, पळणे, दंड-बैठका, वजने उचलणे, सगळे आपण एकाच माळेत ओवतो. धमन्यांना मात्र यातला फरक चांगला कळतो.

धमनी म्हणजे काही लोखंडी नळ नव्हे. हृदयाने ठोका दिला की महाधमनी किंचित फुगते, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये आकसून रक्त पुढे ढकलते. वयोमानाने हा लवचिकपणा कमी होतो. भिंत ताठ झाली की वरचा रक्तदाब चढतो, आणि बिचाऱ्या हृदयाला तेच काम अधिक जोर लावून करावे लागते. धमनीला आतून पेशींचे एकपदरी अस्तर असते. हे अस्तर धमनीला सैल करणारे द्रव्य निर्माण करते, असे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० साली अमेरिकेत दाखवून दिले. ते द्रव्य नायट्रिक ऑक्साइड निघाले, आणि १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना या शोधांबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

तुम्ही भरभर चालू लागलात की रक्ताचा ओघ वाढतो, तो अस्तराला घासत जातो, आणि त्या घासण्यानेच अस्तर हे द्रव्य अधिक बनवते. अमेरिकेत तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बैठ्या मध्यमवयीन पुरुषांना तीन महिने, मुख्यतः चालण्याचाच, व्यायाम दिला. त्यांच्या मानेतल्या धमनीचा लवचिकपणा सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. हे २००० सालचे. नुसत्या चालण्याने, बरे का!

लंडनच्या दुमजली बसगाड्यांची हकीकत याच्याही आधीची आहे. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवले की दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. पण ड्रायव्हर मुळातच स्थूल असतील तर? मॉरिस यांनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या विजारी खरोखरच कमरेला मोठ्या निघाल्या. म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येत नाही. हे त्यांनी स्वतःच तपासून छापले, याचे मला फार कौतुक वाटते.

आता वजनांकडे वळू. १९८५ साली कॅनडात काही शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत सुई घालून, दोन्ही पायांनी भारी वजन रेटताना रक्तदाब मोजला. सरासरी ३२० वर २५० भरली! श्वास कोंडला की दाब असा उसळतो. जपानात मियाची यांनी २००४ साली तरुणांना चार महिने वजनांची तालीम दिली, तर मानेतली धमनी उलट ताठ झाली. तालीम थांबवल्यावर ती पूर्ववत झाली. म्हणून वजने टाकून द्यायची का? मुळीच नाही. बेताच्या वजनांनी केलेल्या पुढच्या अनेक प्रयोगांत असा ताठरपणा दिसला नाही. शिवाय उतारवयात हातापायांत बळ नसेल तर चालणार तरी कशाने? वजने झाल्यावर थोडे पळावे, म्हणजे धमन्यांवरचा ताण बराचसा निवळतो, असेही जपानी प्रयोगांत आढळले आहे.

गंमत अशी की न हलता केलेला व्यायामही रक्तदाब उतरवतो. भिंतीला पाठ टेकून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखे दोन मिनिटे राहायचे, थोडी विश्रांती घ्यायची, असे चार वेळा. आठवड्यातून तीन दिवस. अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यात विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब उतरवण्यात हाच प्रकार सर्वांत पुढे होता. पण तेवढ्यावर चालणे सोडू नये; रक्ताचा तो ओघ भिंतीशी बसून वाहत नाही.

आपल्या तालमीतले वस्ताद जोर काढताना "दम कोंडू नको रे" म्हणून ओरडतात, ते धमन्यांच्याही हिताचेच. ज्यांचा रक्तदाब चढलेला असतो, किंवा जिना चढताना ज्यांच्या छातीत कळ येते, त्यांनी वजनाला हात लावण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. बाकीच्यांनी चपला घालून निघावे. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, एवढा वेग पुरे.