एका चाकाचा हिशेब

सर्कशीच्या रिंगणांत एकचाकी सायकलीवर बसून चेंडू झेलणारा विदूषक पाहिला म्हणजे हें वाहन केवळ करमणुकीसाठींच जन्मास आलें असावें, अशी समजूत होणें साहजिक आहे. परंतु याच वाहनावर बसून लांबलांबचे पल्ले गांठणारे स्वार पाश्चात्त्य देशांत आहेत. इ. स. २००८ च्या जून महिन्यांत कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतांत केवळ एकचाकी स्वारांची, पांच दिवसांची, सुमारें ८०० किलोमीटरांची सांघिक शर्यत झाली. रिंगणांतून राजरस्त्यावर येतांना या वाहनापुढें एकच मोठा प्रश्न होता, आणि तो म्हणजे वेगाचा.

या प्रश्नाचें मूळ वाहनाच्या रचनेंत आहे. साध्या दुचाकीला साखळी असते. पुढचें दांतेरी चक्र मोठें व मागचें लहान, त्यामुळें पायडलाच्या एका फेऱ्यांत मागचें चाक अनेकदां फिरतें. साध्या एकचाकीला साखळी नाहीं. पायडलांचे दांडे, ज्यांना क्रँक म्हणतात, ते थेट चाकाच्या आंसालाच जखडलेले असतात. पायांचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. त्यांत कमी नाहीं कीं अधिक नाहीं. पाय थांबले कीं चाक थांबतें, आणि मग स्वार मात्र पुढें जातो!

म्हणून या वाहनांत चाकाचा आकार हाच गिअर होय. २४ इंची चाक एका फेऱ्यांत सुमारें १.९ मीटर अंतर तोडतें, तर ३६ इंची चाक सुमारें २.९ मीटर. मिनिटाला ९० फेरे या गतीनें पहिलें तासाला दहा किलोमीटर, तर दुसरें साडेपंधरा किलोमीटर जातें. यास्तव कसरतींसाठीं २० इंची, रानवाटांसाठीं २४ ते २९ इंची, आणि लांबच्या सपाट रस्त्यासाठीं ३६ इंची, अशी चाकांची वांटणी रूढ झाली. परंतु चाक वाढवीत नेण्यास माणसाच्या पायाची लांबी आड येते. १८७० नंतरच्या उंच दुचाकींच्या युगांतही हीच अडचण होती. त्या गाड्यांचीं पुढचीं चाकें वेगाच्या हव्यासानें ५० इंचांच्याही वर गेलीं, आणि त्यांवरून डोक्यावर आपटणाऱ्या स्वारांची संख्याही त्याबरोबर वाढली. १८८५ सालीं इंग्लंडांत जॉन केम्प स्टार्ली यांच्या साखळीच्या ‘रोव्हर’ सायकलीनें दुचाकीची या फेऱ्यांतून सुटका केली. एकचाकीची सुटका मात्र शंभराहून अधिक वर्षें लांबली.

ती झाली ती चाकाच्या तुंब्यांत, म्हणजे हबमध्यें. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत स्वित्झर्लंडमधील यंत्रज्ञ फ्लोरियन श्लुम्फ यांचा दोन गतींचा तुंबा स्वारांच्या हातीं आला; पुढें कॅनडांतील प्रसिद्ध स्वार क्रिस होल्म यांच्या सहकार्यानें त्याची अधिक दणकट आवृत्ति निघाली. या तुंब्याच्या पोटांत ग्रहमालेसारखी दांतेरी चक्रांची रचना असते. मध्यें एक चक्र, त्याभोंवतीं फिरणारीं लहान चक्रें, आणि त्या सर्वांना वेढणारें एक कडें. पहिल्या गतींत ही माळ एकजीव होऊन फिरते व तुंबा साध्या तुंब्यासारखा वागतो. दुसऱ्या गतींत मात्र पायांच्या एका फेऱ्याला चाक सुमारें दीड फेरा घेतें. गति बदलण्यास हात लागत नाहीं. आंसाच्या टोंकाशीं असलेलें बटण, पाय फिरत असतांनाच, टाचेनें वा घोट्यानें दाबावयाचें असतें.

आतां हिशेब पाहावा. २४ इंची चाक दीडपटीनें ३६ इंची होतें. म्हणजे एकाच गाडीवर चढाला लहान चाक आणि मैदानांत मोठें चाक मिळतें. ३६ इंची चाक ५४ इंची होतें, आणि मघांच्याच पायगतीनें वेग तेवीस किलोमीटरांवर जातो. हें ५४ इंची चाक कोणतें? तें त्या जुन्या उंच दुचाकीचेंच चाक! स्वाराची बैठक तेवढी खालीं आली; वेग तोच राहिला, आणि त्या वेगाचा धोकाही नाहींसा झाला नाहीं, त्याचें केवळ रूप पालटलें.

एकचाकीवर पायडल हें केवळ गति देण्याचें साधन नसून तोल सांवरण्याचेंही साधन आहे. शरीर पुढें कललें कीं पाय जोर करून चाक खालीं आणतात. दुसऱ्या गतींत हाच जोर चाकापर्यंत दोन तृतीयांशच पोंचतो. उरलेला एक तृतीयांश भाग चौकटीवर पडतो व बैठकीला हिसका देतो. म्हणजे वेग वाढला असतांनाच तोल सांवरण्याची शक्ति घटते. शिवाय बटण दाबल्यावर चक्रें एकमेकांत गुंतेपर्यंतचा क्षणार्ध पायाखालीं आधार नसल्यासारखा जातो. त्या क्षणीं पायांची लय चुकली तर सांवरण्यास अवसर उरत नाहीं. दहा किलोमीटरांच्या वेगानें पडणारा स्वार चार पावलें धांवून उभा राहतो. पंचवीसच्या वेगाला तसें धांवणें बहुतेकांना साधत नाहीं. म्हणूनच जाणते स्वार या गाडीवर शिरस्त्राण व मनगटाचें संरक्षक घातल्याशिवाय बसत नाहींत.

गाडी आपल्या अंगाला बसवून घेण्याची कला येथेंच उपयोगी पडते. हा तुंबा एका रिमला कायमचा बांधलेला नसतो. योग्य लांबीच्या तारा घेतल्या तर तोच २४ इंची रिममधून काढून २९ किंवा ३६ इंची रिममध्यें गुंफतां येतो. चौकटीला मात्र तो तिसऱ्या हिश्श्याचा जोर घट्ट धरून ठेवणारी बेअरिंगची बैठक हवी. साध्या ३६ इंची चाकावर ११० मिलिमीटरांचे आंखूड क्रँक वापरणारा स्वार गिअर बसविल्यावर बहुधा १५० मिलिमीटरांकडे वळतो. कारण क्रँक जितका लांब, तितका पायाचा कह अधिक. उतारासाठीं ब्रेक व हातांच्या आधारासाठीं बैठकीपुढें दांडी, हीं मग चैनीचीं नव्हे, गरजेचीं साधनें ठरतात.

शर्यतींच्या नियमकर्त्यांनीं हा भेद ओळखला आहे. ट्रॅकवरील प्रमाणित २४ इंची गटांत १२५ मिलिमीटरांहून आंखूड क्रँक चालत नाहींत. तेथें परीक्षा केवळ पायांची असते. चाकाची व गिअरची मोकळीक ज्याला हवी, त्याच्यासाठीं निर्बंधरहित गट निराळा आहे. दोन्ही गटांना आपापला मान आहे. मात्र क्रम उलटा करूं नये. साध्या चाकावर चढ, उतार व थांबा हीं तिन्ही ज्याच्या अंगवळणीं पडलीं, त्यानेंच सपाट व मोकळ्या रस्त्यावर टाचेनें तें बटण दाबून पाहावें, आणि उतार दिसतांच तें परत दाबण्यास विसरूं नये. तुंबा वेग वाढवूं शकतो. तोल मात्र स्वारालाच आणावा लागतो.