भरताच्या वांग्याचं बी

शेतीचं संशोधन म्हटलं की डोळ्यांपुढे प्रयोगशाळा येते आणि पांढऱ्या कोटातले शास्त्रज्ञ येतात. आज मी बोलणार आहे ते मात्र आपल्या घरातल्या डब्यातल्या बियाण्याबद्दल.

आपलं भरताचं वांगं घ्या. हिरवट, फिकट पट्ट्यांचं, कमी बियांचं. थंडीत कपाशीच्या काड्यांवर भाजायचं, सोबत कळण्याची भाकरी. २०१६ साली ‘जळगाव भरीत वांगी’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्यानं संरक्षण मिळालं ते नावाला. बी सांभाळायचं काम आपल्याकडेच राहिलं.

वांग्याचा मोठा शत्रू म्हणजे शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. तिच्यासाठी जालन्याच्या महिको कंपनीनं बीटी वांगं तयार केलं. फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारनं त्याला स्थगिती दिली. बांगलादेशानं २०१३ साली परवानगी दिली. तिथल्या सरकारी संशोधन संस्थेनं हे तंत्र संकरित बियाण्यात न घालता सरळ वाणांत घातलं, म्हणून तिथला शेतकरी घरचं बी ठेवू शकतो.

आता कपाशी आठवा. बीटी कपाशी २००२ साली आली, ती संकरित बियाण्यात. दरवर्षी नवं पाकीट विकत घ्यावं लागलं. सुरुवातीला बोंडअळी आटोक्यात आली, पण पुढे गुलाबी बोंडअळीला त्याची सवय झाली. २०१७ मध्ये महाराष्ट्रात कपाशीचं किती नुकसान झालं, ते आपण पाहिलंच. सगळ्या शिवारात एकच उपाय असला की कीड त्यावर वाट शोधते.

म्हणून नवं बियाणं दारी आलं, तर घाबरायचं नाही आणि भुलायचंही नाही. तीन प्रश्न विचारायचे. पुढच्या वर्षी घरचं बी पेरता येईल का? फवारणी खरंच किती वाचेल? किडीला सवय झाली तर पुढे काय?

जुनं बी का ठेवायचं? रोग किंवा दुष्काळ सोसणारा नवा वाण हवा असला की शास्त्रज्ञ जुन्या वाणांकडेच वळतात. नॉर्वेतल्या बर्फाळ बेटावर २००८ पासून जगभरचं बी साठवलं जातंय. पण गोठवलेलं बी आहे तसंच राहतं. शेतातलं बी दरवर्षी आपल्या उन्हापावसाशी जुळवून घेतं.

बी असं धरा. निरोगी, भरपूर फळणारं झाड निवडा, दुसऱ्या जातीच्या वांग्यापासून लांबचं. फळ झाडावरच पिवळं पडू द्या. गर पाण्यात कुस्करा, तरंगणारं बी फेका, तळाचं सावलीत वाळवा. राख मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि वर वाणाचं नाव, गाव, साल लिहा. पेरणीआधी वीस बिया ओल्या फडक्यात ठेवून किती उगवतात ते मोजा.

अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नव्हत्या. गावठी बियाण्यांची बँक उभी केली म्हणून त्यांना पद्मश्री मिळाली. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला घरचं बी ठेवायचा, पेरायचा, देवाणघेवाणीचा हक्क आहे. बिगरब्रँडचं असेल तर विकायचाही. आपल्या वाणाची नोंदही करता येते. त्यासाठी पाल, ममुराबाद किंवा धुळ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात बचत गटानं मिळून जावं.

येत्या बैठकीत प्रत्येकीनं घरातलं एक बी आणावं. कोणाकडे काय आहे, याची वहीत यादी करा. तिथूनच सुरुवात होईल.