मनाचें दुखणें आणि घरचीं माणसें

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तिवसा तालुक्यांत, मोझरी नांवाचें गांव लागतें. तुकडोजी महाराजांनीं १९३५ सालीं येथें गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली, आणि तेव्हांपासून या लहानशा गांवाचें नांव वऱ्हाडाच्या बाहेरही सर्वांच्या तोंडीं झालें. सायंकाळीं एकत्र बसून करावयाची सामुदायिक प्रार्थना हें या आश्रमाचें विशेष देणें. तिच्या धार्मिक अंगाविषयीं मला आज बोलावयाचें नाहीं. एका साध्या व्यावहारिक गोष्टीकडे मात्र मी श्रोत्यांचें लक्ष वेधूं इच्छितों. माणसें रोज ठरलेल्या वेळीं एकत्र बसलीं म्हणजे कोण आला नाहीं हें तेव्हांच ध्यानांत येतें. "अमका दोन दिवस दिसला नाहीं, बरें आहे ना त्याचें?" हा प्रश्न मग सहजच विचारला जातो. मनाच्या दुखण्यावर पहिला उपचार कोणता असें कोणी विचारल्यास मी हा प्रश्नच पुढें करीन.

वऱ्हाड म्हणजे काळ्या कसदार जमिनीचा, कपाशीचा आणि संत्र्यांच्या बागांचा मुलूख. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्याचें नांव वर्तमानपत्रांत येतें तें बहुधा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या संबंधानें. लहरी पाऊस, सावकाराचें आणि बँकेचें कर्ज, कापसाचा पडता भाव, २०१७ सालीं आलें तसें बोंडअळीचें संकट, हीं कारणें खरीं आहेत. त्यांचा इलाज सरकारनें आणि समाजानें केला पाहिजे. गोड बोलून कोणाचें कर्ज फिटत नाहीं. तथापि सारख्याच कर्जाखालीं दबलेल्या अनेक घरांपैकीं एखाद्याच घरावर हा घाला कां पडतो, याचा विचार करूं लागलें कीं आपल्याला शेताच्या बांधावरून घराच्या उंबरठ्यापर्यंत यावें लागतें. कर्जाचा आंकडा सातबाऱ्यावर दिसतो. त्या आंकड्यानें मनाची काय अवस्था केली तें घरांतल्या माणसांनाच दिसूं शकतें, आणि पुष्कळदां त्यांनाही तें दिसत नाहीं.

असा मनुष्य आपण होऊन मनोविकारतज्ज्ञाकडे जात नाहीं. तो प्राथमिक आरोग्य केंद्रांत येतो, आणि तेथेंही मनाची तक्रार घेऊन येत नाहीं. डोकें दुखतें, छातींत धडधडतें, अंगांत त्राण नाहीं, जेवण जात नाहीं, रात्रीं दोन वाजतां जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाहीं, असें तो सांगतो. बाहेर रोग्यांची रांग लागलेली असते. रक्तदाब पाहिला जातो, ताकदीच्या गोळ्या मिळतात, फार आग्रह धरला तर सलाईन लागतें. पंधरा दिवसांनीं तोच मनुष्य पुन्हा रांगेंत दिसतो. त्याच्या सोबत आलेली बायको दाराशीं उभी असते, आणि तिला कोणी कांहीं विचारीत नाहीं. वास्तविक सारी हकीकत तिच्यापाशीं असते. तो पूर्वीं पोळ्याला हौसेनें बैल सजवीत असे, यंदा त्यानें गोठ्याकडे फिरकूनही पाहिलें नाहीं. मुलांवर उगाच खेकसतो. पारावर बसणें त्यानें सोडलें आहे. कधीं न घेणारा आतां रोज संध्याकाळीं थोडी घेऊन येतो. रोग्याची नाडी डॉक्टरांच्या हातीं असली, तरी रोगाचा इतिहास घरच्या माणसांच्या हातीं असतो.

आपल्या देशांत हीं दुखणीं किती आहेत? २०१५-१६ सालच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणींत प्रौढांपैकीं शेंकडा सुमारें साडेदहा माणसांस त्या वेळीं कोणता ना कोणता मनोविकार असल्याचें आढळलें, आणि त्यांतील बहुसंख्य उपचारावांचून होते. महाराष्ट्रांत जुनीं सरकारी मनोरुग्णालयें चार: येरवडा, ठाणें, रत्नागिरी आणि नागपूर. त्यांपैकीं वऱ्हाडास जवळचें तें नागपूरचें, १८६४ सालचें. त्या काळच्या कल्पनेप्रमाणें अशीं रुग्णालयें उंच भिंतींची असत, आणि रोगी भिंतीच्या आंत व नातलग भिंतीच्या बाहेर असाच संबंध राही. पन्नास सालानंतरच्या दशकांत अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर विद्यासागर यांनीं हा क्रम उलटविला. त्यांनीं आवारांत तंबू ठोकले आणि नातलगांना रोग्याबरोबर राहावयास बोलावलें. शुश्रूषा करतां करतां त्या माणसांना समजलें कीं हा बाहेरचा बाधा-करणीचा प्रकार नसून दुखणें आहे, आणि तें बरें होऊं शकतें. घरच्यांचा धीर वाढला, आणि रोगी घरीं परतणें सोपें झालें. जगांत अन्यत्र ज्याची पुढें मोठी चर्चा झाली, तो कुटुंबासह उपचाराचा मार्ग आपल्याकडे असा जागेच्या आणि माणसांच्या टंचाईंतून निघाला.

परंतु तंबूसुद्धां रुग्णालयाच्याच आवारांत. खेड्यांतील घरापर्यंत उपचार कसा पोंचवावा हा प्रश्न उरतोच. त्याचें एक उत्तर अमरावती जिल्ह्यांतच शोधलें गेलें. 'विदर्भ स्ट्रेस अँड हेल्थ प्रोग्राम' या लांबलचक नांवाच्या आद्याक्षरांवरून 'विश्राम' म्हणून ओळखली जाणारी योजना जिल्ह्यांतील ३० गांवांत राबविली गेली. तिची रचना साधी होती. गांवांतल्याच कार्यकर्त्यांनीं लहान लहान बैठका घेऊन मनाच्या दुखण्याविषयीं बोलावें. कोणी फार खचलेला दिसला तर प्रथम धीर द्यावा. गरज पडल्यास शिकवून तयार केलेल्या समुपदेशकानें त्याला कांहीं बैठकींत भेटावें. आणि दुखणें जड असेल तरच मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावें. समुपदेशक हे डॉक्टर नव्हते. मोठमोठ्या रोगनामांऐवजीं ताण, किंवा खेड्यापाड्यांत आतां रूढ झालेला 'टेन्शन' हा शब्द घेऊन बोलणें निघालें म्हणजे कोणाला आपण वेडे ठरलों असें वाटत नाहीं, आणि जीभ मोकळी होते.

या कामाचा वृत्तान्त २०१७ सालीं 'लॅन्सेट सायकिॲट्री' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. आरंभींच्या पाहणींत, उदासीनतेच्या विकारानें ग्रासलेल्यांपैकीं शेंकडा अवघ्या ४.३ जणांनीं कोणाकडे तरी उपचार मागितला होता. १८ महिन्यांनंतर हें प्रमाण २७.२ वर गेलें, म्हणजे सहापटींहून अधिक झालें. या आंकड्यांनीं हुरळून जाऊं नये. शेजारचीं दुसरीं गांवें तुलनेला घेतलेलीं नव्हतीं, आणि शंभरांतील सत्तराहून अधिक माणसें तरीही उपचारावांचूनच राहिलीं. पण दार ठोठावलें तर तें उघडतें, एवढें यावरून निश्चित दिसतें. २०१५ सालीं महाराष्ट्र शासनानेंही विदर्भ व मराठवाड्यांतील १४ जिल्ह्यांसाठीं 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, आणि घरोघर जाऊन ताणाखालीं असलेलीं माणसें हुडकण्याचें काम आशा सेविकांकडे सोपविलें.

असें समुपदेशन खरोखर गुणकारी असतें काय, ही शंका सुशिक्षित श्रोत्यांच्या मनांत येणें साहजिक आहे. तिचें उत्तर गोव्यांतून मिळतें. १९९६ सालीं निघालेल्या 'संगत' या संस्थेनें तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा प्रयोग काटेकोर तुलना करून केला, आणि त्याचे निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाले. उदासीनतेनें तीव्र पीडलेल्या रोग्यांना वैद्यकीय शिक्षण नसलेल्या, परंतु नीट तयार केलेल्या समुपदेशकांनीं सहा ते आठ वेळां भेटावें, असा क्रम होता. तीन महिन्यांनीं अशा रोग्यांपैकीं शेंकडा ६४ विकारमुक्त आढळले. नेहमींचेच उपचार मिळालेल्यांत हें प्रमाण ३९ होतें. अपायकारक मद्यपान करणाऱ्या पुरुषांत तेच आंकडे ३६ आणि २६ असे होते. यांतील युक्ति गूढ नाहीं. मन उदास झालें म्हणून मनुष्य कामें, गांठीभेटी, छंद सोडतो, आणि तीं सोडल्यानें मन अधिकच उदास होतें. समुपदेशक या चक्राला उलट फिरवूं पाहतो: आज शेतावर एक चक्कर, उद्यां बहिणीकडे फोन, परवां मुलाचा अभ्यास. आठवड्यांतून एकदां येणारा समुपदेशक हें सांगूं शकतो. रोज आठवण देणारें मनुष्य घरांतलेंच लागतें.

येथवर मी कुटुंबाची थोरवी गायिली. आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती लपविली तर हें भाषण खोटें ठरेल. लंडन येथें जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञानें पन्नास-साठच्या दशकांत मनोरुग्णालयांतून घरीं गेलेल्या रोग्यांचा मागोवा घेतला. ज्या घरांत रोग्यावर सतत टीका होई, राग राग केला जाई, किंवा उलट त्याला एक क्षणही मोकळें सोडलें जात नसे, तेथें दुखणें अधिक वेळां उलटलें. पुढें १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत डेन्मार्कमधील ऑर्हुस आणि आपलें चंदीगड यांची तुलना झाली, तेव्हां चंदीगडच्या घरांत अशी कठोरता पुष्कळच कमी आढळली. याचा आनंद मानावा. परंतु कमी म्हणजे नाहींच असें नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ सालच्या अहवालांत आत्महत्यांचें जें कारण सर्वांत अधिक वेळां नोंदलें आहे तें कौटुंबिक अडचणींचें असून, त्याचें प्रमाण एकूण आत्महत्यांच्या जवळजवळ एक तृतीयांश आहे. ज्या घरांत मार खावा लागतो, तें घरच औषध होईल असें त्या घरच्या सुनेला कोणत्या तोंडानें सांगावें?

म्हणून कुटुंबाला बरोबर घेणें याचा अर्थ रोग्याची प्रत्येक गोष्ट कुटुंबाला सांगणें असा नाहीं. सुनेशीं सासूच्या देखत बोललें तर ती 'सर्व ठीक आहे' एवढेंच म्हणणार. तिच्याशीं प्रथम एकांतांत बोललें पाहिजे, आणि घरांतील कोणाला बोलवावें हें तिनेंच ठरविलें पाहिजे. २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें हीच दृष्टि स्वीकारली आहे. रोग्याची माहिती गुप्त राखण्याचा हक्क त्यांत आहे, आणि आपल्या वतीनें निर्णय घेण्यासाठीं आपल्या विश्वासाचें मनुष्य नेमण्याची मुभाही आहे. तें मनुष्य नवरा किंवा बाप असलेंच पाहिजे असें बंधन नाहीं.

आतां, शहरांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनीं काय करावें? आपल्यापैकीं पुष्कळांचा भाऊ किंवा मामा अजून गांवीं शेती करतो, आणि आपल्या स्वतःच्या घरांतही परीक्षेला बसलेला मुलगा, नोकरी गेलेला जांवई, किंवा बाळंतपणानंतर उगाच रडूं येणारी मुलगी असतेच. पहिली गोष्ट, विचारा आणि ऐका. 'मन घट्ट कर', 'लोकांना याहून मोठीं दुःखें आहेत' या वाक्यांनीं बोलणारा गप्प होतो. 'जगणें नकोसें झालें आहे का?' असें स्पष्ट विचारल्यानें तो विचार मनांत भरतो अशी समजूत आहे, ती चुकीची आहे. विचारल्यानें बहुधा माणसाला हायसें वाटतें.

दुसरी गोष्ट, विष घरांत ठेवूं नका. मरणाची तीव्र इच्छा ही पुष्कळदां लाटेसारखी असते. ती ओसरेपर्यंत साधन हातीं लागलें नाहीं तर मनुष्य वांचतो. श्रीलंकेंत १९९५ पासून अत्यंत जहाल कीटकनाशकांवर क्रमाक्रमानें बंदी आली, आणि पुढील वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचें प्रमाण सुमारें शेंकडा ७० नीं उतरलें. गांवच्या भावाला एवढें तरी सांगावें कीं फवारणीचा डबा घरांत न ठेवतां कुलुपांत ठेव, आणि किल्ली वहिनीपाशीं दे.

तिसरी गोष्ट, भीति सोडा. कोणी जिवाचें बरेंवाईट करावयास गेला आणि वांचला, तर पोलिसांच्या धास्तीनें घरचे लोक तें लपवितात आणि उपचार राहून जातो. २०१७ च्या कायद्यानें अशा माणसास तीव्र मानसिक ताणाखालीं असलेला, म्हणून मदतीस पात्र मानलें आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत त्याला शिक्षा सांगणारें जुनें ३०९ कलमही उरलेलें नाहीं. सरकारी नोकरावर दडपण आणण्यासाठीं केलेला प्रयत्न एवढाच अपवाद ठेविला आहे.

शेवटची गोष्ट, मदत जवळ आहे. गांवांत आशा सेविका आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू झाली असून, १४४१६ या क्रमांकावर दिवसाच्या कोणत्याही प्रहरीं विनामूल्य बोलतां येतें. रोग्यास डॉक्टरांकडे न्याल तेव्हां आपणही आंत जा. आणि त्याची संमति असल्यास, गेल्या दोन महिन्यांत त्याच्यांत काय पालटलें तें चार वाक्यांत सांगा. त्या चार वाक्यांनीं कित्येकदां ताकदीच्या गोळ्यांचा खर्च वांचतो, आणि कधीं कधीं माणूसही वांचतो.